खिशातली वही : पाम ऑर्गनायझर आणि कागदाविना जिओकॅशिंग

‘पेपरलेस’ हा शब्द आता आपल्याकडे सरकारी झाला आहे. शाळांमध्ये त्याचा अर्थ बहुतेकदा असा होतो की माहिती आधी ऑनलाइन भरायची आणि मग तिचीच छापील प्रत सही-शिक्क्यासह फाइलला लावायची. पण वीसेक वर्षांपूर्वी हाच शब्द रानावनात हिंडणाऱ्या काही छांदिष्ट लोकांनी अगदी सरळ अर्थाने वापरला होता. पावसात भिजणारे, वाऱ्यावर उडणारे छापील कागद त्यांना नको होते. त्यासाठी त्यांनी जे साधन हाताशी धरलं, ते दुकानांनी आणि कंपन्यांनी जुनं ठरवलेलं होतं. त्या साधनाचं नाव पाम, आणि त्या छंदाचं नाव जिओकॅशिंग.

विषय तसा छोटा आहे. त्यात लढाया नाहीत, तख्त नाहीत. पण एखादी वस्तू जुनी केव्हा होते, आणि ते ठरवतं कोण, हा प्रश्न त्यात आहे. तो प्रश्न माझ्या-तुमच्या घरातल्या ड्रॉवरपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटली.

आकाशातला पडदा

आधी जीपीएसविषयी थोडं. ही उपग्रहांची यंत्रणा अमेरिकी लष्कराने स्वतःसाठी उभारली. १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा तयार झाल्यावर नागरिकांनाही वापरू देण्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. मात्र सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे यंत्राने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे असायची. समुद्रात जहाज हाकायला एवढं पुरे, पण एखाद्या झाडाच्या ढोलीपाशी पोहोचायला ते निरुपयोगी.

मे २००० च्या पहिल्या दोन दिवसांमधल्या रात्री, अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळलेली चूक काढून टाकली गेली. लोकांच्या हातातली यंत्रं तीच होती. वरून येणारा संदेश स्वच्छ झाला आणि त्यांची अचूकता एका रात्रीत साधारण दहापट वाढली.

पुढच्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने एक काळी प्लास्टिकची बादली रानात अर्धी पुरून ठेवली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या बियांचा एक डबा होता. त्याने त्या जागेचे आकडे, ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर आणि १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम, इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केले. नियम एवढाच होता की सापडलं तर काहीतरी घ्या आणि काहीतरी ठेवा. तीन दिवसांत माइक टीग नावाच्या माणसाने ती बादली शोधून काढली. मग त्याने अशा जागांची एक यादीच आपल्या वेबपानावर सुरू केली.

महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम याने या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं. इथे ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे. उच्चार सारखाच असला तरी हा शब्द फ्रेंचमधून आला आहे आणि त्याचा अर्थ लपवून ठेवलेला साठा. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश याने त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा सगळ्या जगात मिळून ७५ डबे नोंदलेले होते. २०१० मध्ये हा आकडा दहा लाखांवर गेला.

लपवलेली वस्तू शोधण्याचा खेळ त्याआधीही होता. इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली होती. तिथवर पोहोचणारे पाहुणे तिच्यात आपलं कार्ड टाकून येत. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ नावाचा छंद वाढला. नवं होतं ते जागा सांगण्याचं साधन. वडाच्या झाडापासून डावीकडे वीस पावलं, या भाषेच्या जागी अंश आणि मिनिटं आली.

कागदाचं ओझं

ऐकणाऱ्याला वाटेल की आकडे मिळाले म्हणजे झालं. प्रत्यक्षात आकडे हा या खेळाचा लहान भाग होता.

प्रत्येक डब्याचं संकेतस्थळावर एक पान असे. त्यावर डब्याचं नाव, तो ठेवणाऱ्याचं नाव, शोध किती अवघड आणि वाट किती अवघड हे सांगणारे एक ते पाचपर्यंतचे आकडे, आणि मग वर्णन. वर्णनात वाहन कुठे लावावं, कोणत्या बाजूने चढावं, डबा किती मोठा आहे, जमीन कोणाची आहे, अशा गोष्टी असत. काही ठिकाणी त्या जागेचा इतिहासही लिहिलेला असे. त्याखाली आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी. शेवटच्या तीन-चार जणांनी ‘सापडला नाही’ असं लिहिलं असेल, तर शहाण्याने वाट वाकडी करायची नाही, हे त्यातून कळे.

शिवाय एक इशारा असे, पण तो उलगडून वाचावा लागे. इंग्रजीच्या २६ अक्षरांचे दोन भाग करायचे. पहिल्या १३ अक्षरांच्या जागी पुढची १३ लिहायची आणि पुढच्यांच्या जागी पहिली. ‘ए’च्या जागी ‘एन’, ‘बी’च्या जागी ‘ओ’. या रीतीला रॉट-१३ म्हणतात. आपल्या मुलांच्या ‘च’च्या भाषेइतकीच ती गुप्त. कोणापासून काही लपवण्याचा हेतू तिच्यात नव्हता. मुलांच्या मासिकात कोड्याचं उत्तर उलटं छापतात, तसं नकळत नजर पडून मजा जाऊ नये एवढंच. छापील पानावर उलगडण्याची किल्लीही दिलेली असे. लोक थंडीत काकडत, पेन्सिलीने एकेक अक्षर बदलत बसायचे.

आता त्या काळातलं जीपीएस यंत्र पाहा. २००० मध्ये गार्मिन कंपनीचं पिवळं ईट्रेक्स बाजारात आलं आणि या छंदात घरोघरी पोहोचलं. त्यात ५०० जागा साठवता येत, पण प्रत्येक जागेला नाव द्यायचं ते जेमतेम सहा अक्षरांचं. वर्णनाला जागाच नाही. म्हणून प्रत्येक डब्याला ‘जीसी’ने सुरू होणारा छोटा संकेतांक दिला गेला आणि कित्येक वर्षं तो सहा अक्षरांत बसत होता. पुढे संकेतांक अपुरे पडू लागले तेव्हा नवी पद्धत ठरवताना इंग्रजीतली आय, एल, ओ, एस आणि यू ही अक्षरं वगळली गेली. आय आणि एक, ओ आणि शून्य, एस आणि पाच हे लहानशा पडद्यावर सारखेच दिसतात. मुलांच्या वह्या तपासणाऱ्या कोणालाही हे दुखणं सांगावं लागत नाही.

थोडक्यात, यंत्राला ‘कुठे’ कळत होतं, ‘काय’ कळत नव्हतं. ते ‘काय’ कागदावर होतं. एका डब्याला दोन-तीन पानं धरली आणि दिवसभरात वीस डबे शोधायचे ठरवले, तर पन्नासेक पानांची चळत सोबत घ्यावी लागे. पान कुठलं ते शोधायचं, पाऊस आला की शाई फुटायची, आणि संध्याकाळी ती सगळी चळत रद्दीत. शिवाय वाट बदलून भलत्याच बाजूला गेलात, तर तिकडच्या डब्याचा कागद घरीच राहिलेला.

लाकडाचा ठोकळा

याच सुमारास लाखो लोकांच्या खिशात एक वेगळं यंत्र होतं. जेफ हॉकिन्स या अभियंत्याने ते कल्पिलं तेव्हा म्हणे त्याने आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला होता. तो शर्टाच्या खिशात घालून तो हिंडायचा. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर काडीने लिहिल्याचं नाटक करायचा. खिशात मावतं का, हातात धरवतं का, हे त्याला आधी पाहायचं होतं.

१९९६ मध्ये पाम पायलट बाजारात आला. त्या वेळी पाम ही कंपनी यू. एस. रोबोटिक्सच्या मालकीची होती. पहिल्या पायलट १००० मध्ये स्मृती होती १२८ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर येणाऱ्या एका ‘शुभ सकाळ’च्या चित्रालाही ती पुरली नसती. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, करड्या रंगाचा. वीज दोन छोट्या पेन्सिल सेलवर, आणि ते सेल आठवडेच्या आठवडे चालत. पत्ते, तारखा, कामांची यादी आणि टिपणं, एवढंच त्याचं काम. पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं की संगणकावरची आणि त्याच्यातली माहिती जुळून यायची. या जुळणीला हॉटसिंक म्हणत.

आपल्याकडे त्या काळात कॅसिओच्या डिजिटल डायऱ्या जास्त दिसत. फोन नंबर साठवायच्या, चिमुकल्या बटणांच्या. पामला बटणांचा कीबोर्ड नव्हता, त्यावर काडीने लिहायचं असे. त्यासाठी ‘ग्राफिटी’ नावाची लिपी होती. प्रत्येक इंग्रजी अक्षर काडी न उचलता, एकाच फटकाऱ्यात काढायचं. ‘ए’ काढताना मधली आडवी रेघ गाळायची आणि नुसतं छप्पर काढायचं. माणसाचं अक्षर यंत्राने ओळखावं असा आटापिटा बाकीच्या कंपन्या करत होत्या. हॉकिन्सने माणसालाच थोडं अक्षर बदलायला लावलं, आणि लोक ते थोडक्या सरावाने शिकले.

दोन लिप्या शिकवणाऱ्याला इथे थांबावंसं वाटतं. ही युक्ती इंग्रजीत चालली, कारण त्या अक्षरांचे सांगाडेच वेगवेगळे आहेत. उर्दूतली बे, पे, ते, टे आणि से ही पाच अक्षरं घ्या. पाचही एकाच होडीच्या आकाराची. फरक फक्त नुक्त्यांचा आणि ‘टे’वरच्या खुणेचा. काडी न उचलता लिहायचं म्हटलं तर पाचही एकच होऊन जातील. मराठीत तर शिरोरेषा, काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकासाठी हात उचलावा लागतो. यंत्र कोणाच्या हाताच्या मापाने बेतलेलं आहे, हे असं लिपीपाशी आलं की लख्ख दिसतं.

यंत्र चाललं, पण कंपनीचा संसार काही सुखाचा झाला नाही. ‘पायलट’ या नावावर पेन बनवणाऱ्या कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ते नाव सोडावं लागलं. १९९८ चं यंत्र नुसतं ‘पाम ३’ झालं. लोक मात्र पुढेही पाम पायलटच म्हणत राहिले. ग्राफिटीवरून झेरॉक्सने १९९७ मध्ये दावा ठोकला आणि अखेर २००३ मध्ये पामने लिपीच बदलली. यू. एस. रोबोटिक्स थ्रीकॉमच्या ताब्यात गेली. हॉकिन्स आणि त्याचे साथीदार बाहेर पडले आणि त्यांनी हँडस्प्रिंग काढली. तेवढ्यात रंगीत पडदे आले, मग फोन आणि ऑर्गनायझर एकत्र असलेली यंत्रं आली. पाच-सात वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांच्या खिशात दिसणारा करडा पाम ड्रॉवरमध्ये गेला. जुन्या बाजारात तो अगदी स्वस्त मिळू लागला.

दोन अपुऱ्या यंत्रांची गाठ

या ड्रॉवरमधल्या यंत्राला जिओकॅशिंगवाल्यांनी पुन्हा बाहेर काढलं. त्यासाठी मध्ये एक दुवा लागत होता, तो म्हणजे फाइलचा एक समाईक प्रकार.

२००२ मध्ये टोपोग्राफिक्स या छोट्या कंपनीने जीपीएक्स नावाचा प्रकार जाहीर केला. ही साध्या मजकुराची फाइल असते. कुठल्याही संगणकावर उघडावी आणि डोळ्यांनी वाचावी. अमुक अक्षांश, अमुक रेखांश, अमुक नाव, असं त्यात ओळीने लिहिलेलं असतं. तो कोणालाही मोफत वापरता येत होता, आणि त्यात आपली भर घालण्याची सोय होती. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळाने तशी भर घातली. डब्याचं वर्णन, अवघडपणाचे आकडे, इशारा आणि शेवटच्या पाच नोंदी. आधीच्या साध्या फाइलीत फक्त नाव आणि जागा असे. आता अख्खं पान त्यात आलं.

वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी ‘पॉकेट क्वेरी’ नावाची सोय निघाली. अमुक गावाभोवती अमुक मैलांत, मला अजून न सापडलेले, फार अवघड नसलेले डबे द्या, अशी मागणी नोंदवायची. सर्व्हर सवडीने ती चालवून फाइल ईमेलने पाठवायचा. एका मागणीत त्या काळी ५०० डबे मिळत.

आता घरचं काम. फाइल संगणकावर उघडायची आणि तिच्या दोन वाटण्या करायच्या. जागांचे आकडे केबलमधून ईट्रेक्समध्ये जात. वर्णनं पामला समजतील अशा रूपात बदलून, हॉटसिंकचं बटण दाबून पाममध्ये. हे रूप बदलण्याचं काम करणारी सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांनी केलेली नव्हती. एकेकट्या माणसांनी, संध्याकाळच्या वेळात, मुळात स्वतःची गरज म्हणून ती लिहिली होती. पामवर चालणारं ‘कॅशमेट’ खास याच कामासाठी होतं. डब्यांची यादी, शोध, इशारा उलगडणं आणि ‘सापडला’ अशी खूण, सगळं त्यात होतं. ‘जीसॅक’ हे ऑस्ट्रेलियातल्या क्लाइड इंग्लंड यांचं सॉफ्टवेअर संगणकावर हजारो डब्यांचा हिशेब ठेवी. ‘जीपीएसबेबल’ हे मुक्त सॉफ्टवेअर एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देई. कोणी ‘प्लकर’ वापरून वर्णनांचं एक पुस्तकच बनवून पाममध्ये ठेवी.

पाममध्ये हे मावत होतं का? हिशेब करून पाहू. एका डब्याचं वर्णन आणि नोंदी मिळून चार किलोबाइट धरले, तर ५०० डब्यांना दोन मेगाबाइट लागतात. पाम ३ मध्ये स्मृती बरोबर दोन मेगाबाइट होती, म्हणजे तो तुडुंब भरला असता. १९९९ च्या पाम व्हीएक्समध्ये आठ मेगाबाइट होती. त्याच्या खिशात एका जिल्ह्याएवढा मुलूख आरामात राहिला असता.

रानात गेल्यावर एका हातात ईट्रेक्स, दुसऱ्या हातात पाम. ईट्रेक्सचा बाण जागेपाशी नेई. मग तोच संकेतांक पामवर काढायचा, वर्णन वाचायचं, अडलं तर इशाऱ्यावर काडी टेकवायची. सापडल्यावर दोन ओळी टिपून ठेवायच्या. घरी आल्यावर पुन्हा हॉटसिंक, आणि त्या टिपणांवरून संकेतस्थळावर सविस्तर नोंद.

या कामात जुना पाम नव्यापेक्षा सरस ठरे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रंगीत पडदा भर उन्हात दिसेनासा होतो. करड्या पडद्याला ऊन जितकं जास्त तितकं बरं, कारण तो बाहेरच्याच उजेडावर वाचला जातो. रंगीत यंत्राची बॅटरी घरी जाऊन चार्ज करावी लागे. जुन्याचे दोन सेल रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळत. पडला, हरवला, ओढ्यात गेला तरी फार हळहळ नाही. बाजाराने ज्या गोष्टींसाठी त्याला मागास ठरवलं होतं, त्याच गोष्टी रानात उपयोगी पडल्या.

अडचणी नव्हत्या असं नाही. जुन्या पामची स्मृती विजेवर जगत असे. सेल पूर्ण संपले की सगळं पुसलं जाई, आणि सेल बदलायचे तर मिनिटभरात बदलावे लागत. वर्णनातली चित्रं पाममध्ये येत नसत. म्हणून चित्रावर आधारलेलं कोडं असलं की पुन्हा कागदच. फाइल शुक्रवारी घेतली आणि शनिवारी डबा मालकाने उचलून नेला, तर रविवारी तुम्ही रिकामी झुडपं चाळत बसणार. जुन्या पामला आणि ईट्रेक्सला दोघांनाही सिरियल केबल लागायची, आणि नव्या लॅपटॉपवरून तशी खाच हळूहळू गायबच झाली. काडी तर गवतात पडली की सापडणं कठीण. डबा शोधायला आलेला माणूस काडी शोधत बसायचा.

बाड आणि बयाज

आपल्या परंपरेत या यंत्राचे पूर्वज शोधायचे तर ते फार दूर नाहीत. कीर्तनकारांच्या जवळ ‘बाड’ असे. हाताने लिहिलेली वही, त्यात अभंग, पदं, कथांचे दुवे. उर्दू-फारसीच्या जगात तिला ‘बयाज’ म्हणत. शायर आणि रसिक आपल्या आवडीचे शेर तिच्यात उतरवून घेत आणि मुशायऱ्याला जाताना जवळ ठेवत. बाड म्हणजे कीर्तन नव्हे आणि बयाज म्हणजे मुशायरा नव्हे. खरा रंग भरतो तो श्रोत्यांसमोर. पण तिथे उभं राहिल्यावर ऐनवेळी आठवण देणारं काहीतरी जवळ लागतं.

पाममधली फाइल याच जातीची होती. आपण निवडलेलं, आपण उतरवून घेतलेलं, आपल्या ताब्यातलं. बयाजीत काय आहे हे तिच्या मालकाला माहीत असतं, कारण त्याने ते स्वतः लिहिलेलं असतं. कोणते डबे घ्यायचे, कोणते सोडायचे, हे ठरवताना त्या माणसाने सगळा मुलूख एकदा घरबसल्या डोळ्यांखालून घातलेला असे. तयारीचा तो तास वाया जात नव्हता.

सगळं एका डबीत

२००८ मध्ये गार्मिनने कोलोराडो आणि ओरेगॉन ही यंत्रं आणली. त्यांत जीपीएक्स फाइल तशीच टाकली की जागा आणि वर्णन एकत्रच दिसू लागलं. त्याच वर्षी आयफोनमध्ये जीपीएस आलं आणि पाठोपाठ जिओकॅशिंगचं ॲपही. आता घरची तयारीही नको. जिथे उभे आहात तिथे बोट टेकवा, भोवतालचे डबे दिसतील. २०११ मध्ये आलेल्या साध्या पिवळ्या ईट्रेक्समध्येही वर्णन वाचायची सोय झाली. म्हणजे ज्या यंत्राच्या अपुरेपणामुळे पामची गरज पडली होती, त्याच्याच वारसाने ती गरज संपवली.

पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने १२० कोटी डॉलरला विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ती यंत्रं बनवणं थांबवलं. पामचा असा शेवट झाला. जिओकॅशिंगवाल्यांनी त्याला बहाल केलेलं दुसरं आयुष्य जेमतेम सात-आठ वर्षांचं. तरीही कंपनीच्या हिशेबात ते यंत्र कधीच संपलेलं होतं, तेव्हाही ते रानात काम करत होतं.

मागे काय उरलं

या हकीकतीतून मला दोन-तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट वस्तूच्या वयाची. एखादं यंत्र जुनं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याहून नवं दुकानात आलेलं असतं, एवढंच घडलेलं असतं. यंत्राची ताकद काल होती तेवढीच आज असते. त्याला जोगं काम सापडलं की ते पुन्हा कामाला लागतं. वर्गात मी मुलांना विचारतो की घरात बंद पडून न राहिलेली, पण वापरातून गेलेली कोणती यंत्रं आहेत? यादी मोठी निघते. आजोबांचा रेडिओ, अब्बूंचा बटणांचा फोन, ताईचा पहिला टॅब. मग विचारतो की यातलं कोणतं यंत्र आजही एखादं काम नव्यापेक्षा चांगलं करेल? तिथे मुलं विचारात पडतात. तो विचार मला मोलाचा वाटतो. नवं घेता येईल अशी ऐपत प्रत्येक घराची नसते, आणि जुन्यातून काम काढण्याची अक्कल ही गरिबीची लाज नसून एक हुन्नर आहे, हे मुलांना कळायला हवं.

दुसरी गोष्ट फाइलची. पाम गेला, हॉटसिंक गेलं, सिरियल केबल गेली. जीपीएक्स मात्र अजून जिवंत आहे. आज आपल्या सह्याद्रीत फिरणारे ट्रेकर एखाद्या किल्ल्याची वाट एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, ती बहुतेकदा जीपीएक्स फाइलच असते. २००२ मध्ये ठरलेला तो प्रकार टिकला, कारण तो साधा होता, वाचता येण्याजोगा होता आणि सगळ्यांना खुला होता. बंद पेटीत ठेवलेली माहिती पेटीबरोबर जाते. उघड लिहिलेली माहिती पेट्या बदलत राहते.

तिसरी गोष्ट ताब्याची. फोनमधलं ॲप सोयीचं आहे, यात वाद नाही. पण घाटात उतरलात आणि नेटवर्क गेलं की त्यातलं जे आधी उतरवून ठेवलं नाही ते तुमच्याजवळ नसतं. कंपनीने उद्या ॲप बदललं किंवा बंद केलं, तर तिथली तुमची टिपणं तिच्या मर्जीवर. पामवाल्याची फाइल त्याच्या खिशात होती. पुण्या-मुंबईहून दर पावसाळ्यात गडावर जाणाऱ्या मुलांना अनुभवी मंडळी आजही हेच सांगतात. निघण्यापूर्वी वाट उतरवून घ्या, नकाशा साठवून घ्या, बॅटरी भरून घ्या, आणि चार ओळी कागदावरही लिहून ठेवा.

हो, कागदावरही. पेपरलेस मंडळींच्या त्या सगळ्या खटाटोपात एक कागद अगदी शेवटपर्यंत राहिला, आणि तो काढायचा विचार बहुतेकांनी केलाही नाही. प्रत्येक डब्यात एक छोटी वही असते. शोधणारा तिच्यात आपलं नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसा, होता तिथे ठेवून देतो. पामवर खूण केली, संकेतस्थळावर नोंद केली, तरी त्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव हाच तिथवर पोहोचल्याचा पुरावा. त्या वहीसाठी खिशात पेन्सिल ठेवावीच लागे.